उकंडा कितवा?

९ सप्टेंबर २०२५

ही डायरी समीक्षानं दिली. समीक्षा माझी मोठी मुलगी, लग्न होऊन यवतमाळला असते, बँकेत आहे. म्हणाली, बाबा, मनातलं लिहीत जा, बरं वाटतं. मनात काही नाही हे तिला सांगितलं नाही. उगाच वाद नको.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, घाटंजीच्या बसस्थानकावर. कोणती गाडी आली, कोणती गेली, कोणती रद्द, हे लिहिण्यात जन्म गेला. तसंच इथे लिहीन.

अक्षय, माझा मुलगा, जुलैत गेला. यवतमाळहून मोटारसायकलनं येत होता, रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. पंचवीस वर्षांचा होता. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

वच्छला, माझी बायको, तेरवीपासून माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही. जे सांगायचं ते भिंतीला सांगते. स्वयंपाक झाला की भिंतीकडे तोंड करून म्हणते, "भाकर वाढली म्हना." मी जेवून घेतो.

१२ सप्टेंबर

अक्षयचा फोन पोलिसांकडून परत मिळाला. काच तडकली आहे, पण चालतो. समीक्षानं काल चार्जिंगला लावून दिला आणि ती गेली. आज सकाळी दूध आल्यावर तो एकदम वाजायला लागला. अलार्म होता. वर लिहिलेलं होतं, "उकिदा. मत."

मला वाटलं, घाईत टाईप केलं असेल, उकंडाचं उकिदा झालं असेल. उकंडा हे अक्षयचं घरातलं नाव. समीक्षाच्या पाठीवरची दोन मुलं सव्वा महिन्याच्या आत गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारच्या सुखीबाईनं सुपात उचलून आणला आणि म्हणाली, "उकिरड्यावर सापडलं व माय, ठेवतं काय?" वच्छला म्हणाली, ठेवतो. टाकून दिलेल्या पोराकडे कोणी बघत नाही, नजर लागत नाही, असं आहे आमच्याकडे. शाळेत नाव अक्षय घातलं. उकंडा फक्त आई म्हणायची. मित्रांसमोर म्हणाली की तो चिडायचा.

तर मला वाटलं, पोट्टा कुठल्या निवडणुकीला उभा राहणार होता. सांगितलं नाही आपल्याला.

फोन उघडता येईना. वच्छला आली, माझ्या हातातून घेतला, काचेवर अंगठा खाली, आडवा आणि वर असा फिरवला. उघडला. परत माझ्या पुढ्यात ठेवून दिला आणि भाजी चिरायला गेली. तिला कसं माहीत, ते विचारलं नाही.

१४ सप्टेंबर

समीक्षा आली होती. तिनं फोन पाहिला आणि सांगितलं. निवडणूक वगैरे काही नाही. जपानमध्ये नाओया उकिदा नावाचा फुटबॉलपटू आहे. एका साईटवर तिकडच्या खेळाडूंची लोकप्रियतेची यादी असते, कोण पहिला, कोण दुसरा. जगातला कोणीही एका नंबरवरून रोज एक मत देऊ शकतो. मतं डिसेंबरच्या सात तारखेला बंद होणार. अक्षय कॉलेजात फुटबॉल खेळायचा, त्याला तिथे हे नाव दिसलं असणार.

"आईला दाखवायचा तो," समीक्षा म्हणाली. "म्हणे, पाय आई, जपानात बी एक उकंडा हाय. तुवं एकटीचंच नाई."

सध्या सदतिसावा आहे. फोटो पाहिला. कान मोठे आहेत. पोरगा हसतमुख वाटतो.

मत दिलं. समीक्षानं कसं द्यायचं ते दाखवलं म्हणून दिलं.

२० सप्टेंबर

रोज सकाळी वाजतो. रोज देतो. फोन वाजला की उचलायचा ही कामावरची सवय, त्यात दुसरं काही नाही.

आज बसस्थानकावर जाऊन बसलो. माझ्या जागेवर आता गोपाल आहे. माझ्या हाताखाली तयार झाला, काका म्हणतो. त्याला उकिदाचं सांगितलं. त्यानंही मत दिलं, दोन ड्रायव्हरांना द्यायला लावलं. एक कंडक्टर म्हणाला, "जपानच्या पोट्ट्याले आपून काहून द्याचं?" गोपालनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्यानंही दिलं.

चौकातला फ्लेक्स आता नाही. जूनमध्ये अक्षय सरकारी भरतीच्या यादीत जिल्ह्यात पहिला आला, तेव्हा गोपालनं आणि स्थानकावरच्या मंडळींनी लावला होता. चांगला मोठा होता. अक्षयचा हार घातलेला फोटो, वर "जिल्ह्यात पहिला". वच्छला तेव्हा म्हणाली होती, "उतरवा तो बोर्ड. सारं गाव पाहून राह्यलं माया पोराले." मी म्हणालो, अवं, पाहासाठीच लावला तो. कोणी उतरवला माहीत नाही. गोपालला विचारलं तर तो गाड्यांचा तक्ता बघत बसला.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटायला कोणाकडे गेलो नाही, कोणी आलं नाही. सुतक संपलं तरी लोक वर्षभर टाळतात, बरोबरच आहे.

दुपारी वच्छला भिंतीला म्हणाली, "उकंडा कितवा म्हना?"

मला आधी कळलं नाही. मग म्हणालो, एकतिसावा. आणि उकंडा नाही, उकिदा. तो जपानी आहे.

"उकंडाच व्हय तो," भिंतीला म्हणाली.

जुलैपासून वच्छलानं ते नाव घेतलं नव्हतं. ही नोंद म्हणून लिहितो.

१५ ऑक्टोबर

कापसाची वेचणी सुरू झाली. गावालगत आमचं छोटं वावर आहे. वच्छला बायांना घेऊन जाते. पुढच्या खोलीत कापूस साठवतो आहोत.

उकिदानं लागोपाठच्या सामन्यांत गोल केले असं समीक्षानं फोनवर सांगितलं. अठरावा आला. मी म्हणालो, बसस्थानकावरची बरीच मंडळी मत देतात ना. ती म्हणाली, "बाबा, तिथं लाखो लोक मत देऊन राह्यले. आपल्यानं काय होते?" काय होते ते मलाही माहीत नाही. आपली गाडी वेळेवर सोडायची, पुढे काय होतं ते पुढच्या स्थानकानं बघायचं.

वच्छला वावरातून आली की आधी भिंतीला विचारते, उकंडा कितवा. मी सांगतो. आता दुरुस्त करत नाही. वेळ जातो त्यात.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. दिवे लावले नाहीत. समीक्षा फराळाचं घेऊन आली, तिच्या सासूनं दिलेलं. वच्छलानं डबा उघडला आणि एक चकली फोनपाशी ठेवली. समीक्षाचा चेहरा उतरला.

मला अंगणात घेऊन गेली. "बाबा, आईले डॉक्टरले दाखवा लागन. ते त्या खेळाडूले अक्षय समजून राह्यली."

मी म्हणालो, ती अक्षय म्हणत नाही, उकंडा म्हणते.

"आन् तुमी? तुमी तर रडले बी नाई. तुमी दोघं एका घरात कसे राह्यता हेच मले समजत नाई." मग ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच सुचलं.

तिचं ठरलं आहे. वेचणी आटोपली की डिसेंबरात आईला यवतमाळला घेऊन जाणार, उपचार करणार, तिथेच ठेवणार. वच्छलाला विचारलं. ती समीक्षाकडे बघून सरळ म्हणाली, "येतो. इथं कोन हाय मायाशी बोलाले?"

जाऊ दे. तिथेही भिंती आहेत. मी हाताने करून खाईन. चहा येतो, खिचडी येते.

५ नोव्हेंबर

सहावा.

बसस्थानकावर आता उकिदाचीच चर्चा असते. महागावहून येणारा एक ड्रायव्हर उतरल्या उतरल्या विचारतो, "काका, उकंडा कितवा?" त्यालाही मी दुरुस्त करत नाही. सगळे उकंडाच म्हणतात. दिवसभरात ते नाव इतक्या वेळा कानावर पडतं. त्रास होतो असं नाही. काही होतच नाही.

७ नोव्हेंबर

स्थानकावरचे लोक म्हणत होते, पहिला आला तर चौकात फ्लेक्स लावू. जपानी पोट्ट्याचा फोटो आणि खाली "घाटंजी मित्रमंडळ". सगळे हसले. गोपाल हसला नाही.

घरी येऊन मी हे सांगितलं. भिंतीला नाही, असंच हवेत सांगितलं, गंमत म्हणून. वच्छला भाकरी थापत होती. हात थांबले. पीठ तसंच परातीत ठेवून उठून गेली. मग मी दूध-पोहे खाल्ले.

८ नोव्हेंबर

सकाळी फोन कपाटावर नव्हता. अलार्म मात्र कुठूनतरी वाजत होता. शोधत शोधत गेलो तर ज्वारीच्या कोठीत, दाण्यांखाली. काढला. वच्छला दारात उभी होती. भिंतीला म्हणाली, "मत देऊ नोका म्हना."

आजचं मत दिलं नाही. दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

१९ नोव्हेंबर

आमची मतं थांबली तरी पोरगा थांबला नाही. गोपाल आणि मंडळी देतातच. परवा तिकडच्या मोठ्या सामन्यात त्यानं शेवटच्या मिनिटाला गोल केला. समीक्षानं त्याचा व्हिडिओ पाठवला. चेंडू आत गेल्यावर तो कोपऱ्यातल्या झेंड्याकडे पळत गेला आणि गुडघ्यांवर घसरला, सगळे त्याच्या अंगावर पडले.

आज पहिला.

वच्छलानं विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का, ते आता लिहिताना सुचतंय. तिनं ताट बाजूला सारलं.

२२ नोव्हेंबर

ती जेवत नाही. चहा घेते, वावरात जाते, वेचते, येते, पडून राहते. सुखीबाई येऊन समजावून गेल्या. त्यांना म्हणाली, "पैला आला व बाई. आता त्याले सारं जग पायते. कोनी उतरवत नाई त्याले."

सुखीबाई जाताना मला म्हणाल्या, "बबनराव, तुमी मानसं लय शिकले. पन येवढं तं करा."

काय करा, ते त्यांनी सांगितलं नाही. समीक्षाला फोन केला, दिलेलं मत परत घेता येतं का विचारलं. ती म्हणाली, नाही येत. मग थोड्या वेळानं तिचाच फोन आला. म्हणाली, "उकिदाले खाली आणता येत नाई बाबा. दुसऱ्याले वर आणता येते."

दुसऱ्या नंबरवर एक गोलकीपर आहे. नाव माझ्या तोंडात बसत नाही. वयानं मोठा आहे, चेहरा गंभीर. त्याच्या आईनं त्याच्यासाठी काय केलं असेल माहीत नाही. त्याला पहिलं केलं तर त्याचं काय, हाही विचार आला. पण तो विचार मी पुढे नेला नाही.

आजचं मत गोलकीपरला दिलं.

२४ नोव्हेंबर

बसस्थानकावर गेलो. चहाची वेळ होती, सगळे होते. मी सांगितलं, आजपासून मत गोलकीपरला.

कंडक्टर म्हणाला, "काका, कालवर तं उकंडा उकंडा करून राह्यले होते तुमी. आता काय झालं?"

मला कारण सांगता येईना. सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. या स्थानकावर तीस-एक वर्षं माझा आवाज कर्ण्यावरून ऐकू यायचा. पाऊस असो, यात्रा असो, कधी अडला नव्हता.

गोपाल उठला. "गोलकीपरले द्या म्हनलं न काकानं. द्या. काहून, कायले, कोनी इचारू नोका." मग मला कक्षात नेऊन खुर्चीवर बसवलं. दार लावून घेतलं. म्हणाला, "काका, तो बोर्ड आमीच लावला होता."

मी म्हणालो, तुम्ही प्रेमानं लावला.

"काकू तेरवीच्या दिवशी आल्त्या इथं," तो म्हणाला. "एकट्या. मले म्हने, शिडी दे. म्या म्हनलं मी उतरवतो. नाई म्हने. स्वतःच चढल्या."

मला हे माहीत नव्हतं. तेरवीच्या दिवशी मी पंगतीत वाढत होतो.

३० नोव्हेंबर

शेवटची वेचणी झाली. व्यापारी उद्या कापूस न्यायला येणार म्हणून पुढच्या खोलीत गेलो. ढिगावर ताडपत्री पांघरलेली आहे, वर पांढरी. मला वाटत होतं ती मागच्या वर्षीची जुनी. कोपरा उचलला तर खालच्या बाजूला रंग दिसला.

फ्लेक्स आहे. तोंड आत, कापसाकडे. बाहेरून कोणाला काही दिसत नाही. मी ढिगाच्या कडेला बसून खाली वाकून पाहिलं तर अक्षयचा एक कान आणि हाराची फुलं दिसली. गालाला कापूस चिकटला होता.

मी दीड महिना रोज या खोलीतून जातो आहे.

वाईट वाटलं. समीक्षा म्हणते मनातलं लिहा, तर हे लिहितो. फार वाईट वाटलं. तिथेच बसून राहिलो. कोपरा होता तसा पुन्हा खोचला, तोंड आत करून. उद्या व्यापाऱ्याच्या माणसांनी हात लावायच्या आधी मी स्वतः घडी करून ठेवीन.

१ डिसेंबर

कापूस गेला. सकाळी लवकर उठून घडी करायला गेलो तर वच्छला आधीच तिथे होती. एकटीला आवरत नव्हता. मी दुसरं टोक धरलं. धोतराची घडी करतात तशी दोघांनी केली, ती पुढे आली, मी पुढे गेलो, टोकं तिच्या हातात दिली. तिनं ती कपाटात साड्यांखाली ठेवली.

उकिदा अजून पहिलाच. वच्छला थोडी पेज घेते.

५ डिसेंबर

आता दोघांत फार फरक नाही म्हणतात. समीक्षानं तिच्या बँकेतल्या सगळ्यांना गोलकीपरला मत द्यायला लावलं. मी म्हणालो, तूच म्हणाली होतीस आपल्या मतानं काही होत नाही. ती म्हणाली, "मंग? देऊ नोको काय?"

तिनं वच्छलाची पिशवी भरून ठेवायला सांगितलं आहे. रविवारी नेणार. वच्छलानं दोन लुगडी भरली, चष्मा भरला. पिशवी दाराशी आहे. येता-जाता पायात येते. हलवली नाही.

७ डिसेंबर

समीक्षा दुपारी गाडी घेऊन आली. म्हणाली, निकाल पाहून निघू. तिघंही स्वयंपाकघरात बसलो. फोन मधे पाटावर. वच्छलानं चूल पेटवून ठेवली होती, गॅस असताना. का ते नंतर कळलं.

दिवस कलताना निकाल आला. समीक्षानं वाचला. बँकेत नोटा मोजते तसा, दोनदा.

गोलकीपर पहिला. उकिदा दुसरा.

किती मतांनी, ते साईटवर देत नाहीत. घाटंजीनं काही झालं की नाही हे कधी कळणार नाही.

"दुसरा?" वच्छलानं विचारलं.

"दुसरा, आई."

"नक्की पैला नाई?"

"नाई."

ती उठली. मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, फोनवरून तीनदा ओवाळल्या, तोंडातल्या तोंडात काही म्हणाली आणि चुलीत टाकल्या. मोहरी तडतडली. मिरचीचा ठसका नेहमी लागतो, आज लागला नाही. म्हणजे नजर होती, निघाली, असं आमच्याकडे म्हणतात. समीक्षाला ठसका लागला होता, पण तिनं तो पदरात दाबला.

"वाचला," वच्छला म्हणाली. "वाचला माया उकंडा." आणि चुलीपुढे बसून मोठ्यानं रडली. जुलैत रडली नव्हती तशी. समीक्षानं तिला जवळ घेतलं. मी पाटावरचा फोन उचलून धरला, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. फोन ओला झाला होता, मी सदऱ्यानं पुसला, तो पुन्हा ओला झाला. मग कळलं ते माझ्याकडूनच होतंय.

नंतर वच्छला समीक्षाला म्हणाली, "त्या गोलकीपरच्या मायले कोनाकडून तरी सांग, बोर्ड लावू देऊ नोको म्हना." समीक्षा हो म्हणाली.

गाडी सुरू करायच्या आधी समीक्षानं दाराशी पाहिलं. पिशवी तिथे नव्हती. वच्छला आत लुगडी दांडीवर टाकत होती. समीक्षानं माझ्याकडे बघितलं आणि एकटीच गेली.

मी ओसरीवर बसून होतो. वच्छला दारात आली.

"तुमी जेवले काय?"

सवयीनं मी भिंतीकडे पाहिलं. भिंत तिच्या पाठीमागे होती.

समीक्षाबरोबर दोन घास खाल्ले होते. मी म्हणालो, नाही.